बीडच्या उन्हात मेमरी फोम

बीड जिल्ह्यात गादी म्हणजे कापसाची गादी हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गेवराई, माजलगाव, वडवणी या पट्ट्यांत कापूस वेचला जातो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई निघते, आणि त्यातला हलक्या प्रतीचा, सूतगिरणीच्या उपयोगाचा नसलेला कापूस गाद्या-उशांत जातो. त्यामुळे अंथरुणाचा माल जवळपासच मिळत असे आणि तो भरून देणारा पिंजारीही बाजारपेठेच्या गावी असे. या व्यवस्थेत प्रथम काथ्याची आणि साध्या फोमची गादी शिरली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत, इंटरनेटवरून घरपोच गाद्या विकणाऱ्या कंपन्यांमुळे, मेमरी फोमची गादी तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली. पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळी करून आलेली ही गादी उघडल्यावर हळूहळू फुगते, हाताने दाबली तर पंजाचा ठसा काही क्षण तसाच राहतो, आणि जाहिरातीत तिच्याविषयी पाठदुखीपासून गाढ झोपेपर्यंत सर्व काही सांगितलेले असते. तिचे खरे गुण कोणते आणि अडचणी कोणत्या हे ठरवायचे, तर ती ज्या पदार्थाची बनते त्याचा स्वभाव आणि बीडसारख्या उष्ण, कोरड्या, धुळीच्या प्रदेशातील घरांचा स्वभाव हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागते.

मेमरी फोमचा जन्म झोपेसाठी झालेला नाही. १९६६ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानाच्या आसनांसाठी असा फोम तयार केला, जो बसणाऱ्याच्या शरीरावरील दाब सर्वत्र सारखा वाटून देईल आणि धक्का बसला तर त्याची शक्ती स्वतःत जिरवेल. पुढे तो रुग्णालयांतील गाद्या, खेळाडूंची शिरस्त्राणे, कृत्रिम अवयवांचे अस्तर अशा ठिकाणी वापरला गेला, पण उत्पादन अवघड आणि महाग असल्यामुळे सामान्य घरात यायला त्याला पाव शतक लागले. स्वीडनमधील फागरदाला या कंपनीने १९९१ मध्ये त्याची घरगुती गादी बाजारात आणली. मूळ पदार्थ मात्र याहून जुना आहे. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेले पॉलियुरेथेन हे बहुवारिक, म्हणजे लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेले रसायन, हाच साध्या फोमचाही पाया आहे आणि मेमरी फोमचाही. साखळ्यांची रचना बदलली की त्याच रसायनापासून चटकन उसळणारा फोमही होतो आणि सावकाश वर येणारा फोमही होतो.

हा सावकाशपणा ज्या गुणधर्मातून येतो त्याला शास्त्रात श्यानस्थितिस्थापकता म्हणतात. श्यानता म्हणजे काकवीसारख्या दाट द्रवाची वाहण्याला विरोध करण्याची वृत्ती, स्थितिस्थापकता म्हणजे रबरासारखी मूळ आकाराला परतण्याची वृत्ती, आणि मेमरी फोममध्ये या दोन्ही वृत्ती एकत्र नांदतात. म्हणून वजन पडल्यावर तो हळूहळू खचतो आणि वजन उचलल्यावर हळूहळूच परत येतो. प्रत्येक बहुवारिकाचे एक असे तापमान असते की ज्याच्या खाली त्याच्या साखळ्या आखडून ते काचेसारखे ताठ होते आणि ज्याच्या वर त्या मोकळ्या होऊन ते मऊ पडते. याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. साध्या फोमचे हे तापमान शून्याच्या बरेच खाली असल्यामुळे घरातल्या कोणत्याही ऋतूत तो सारखाच वागतो. मेमरी फोम मात्र मुद्दाम असा घडवलेला असतो की त्याचे हे स्थित्यंतर खोलीच्या नेहमीच्या तापमानाच्या आसपासच चालू राहावे. म्हणजे वीस-बावीस अंशांच्या खोलीत फोम बऱ्यापैकी घट्ट असतो, त्यावर निजलेल्या माणसाच्या अंगाची ऊब जिथे लागते तिथे, खांद्याशी, कमरेशी, टाचांशी, तेवढाच तो मऊ होतो, आणि बाकीचा भाग घट्ट राहून शरीराला आधार देतो. या गादीचे सगळे कौतुक या एका युक्तीवर उभे आहे, आणि बीडमध्ये तिची सगळी अडचणही इथूनच सुरू होते.

एप्रिल-मे महिन्यांत बीड जिल्ह्यात दिवसाचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. स्लॅबचे छत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते, आणि पत्र्याच्या घरात दिवसाची अवस्था याहून बिकट असते. अशा खोलीत मेमरी फोम माणूस आडवा होण्याआधीच पूर्ण मऊ झालेला असतो. त्यामुळे ऊब लागलेला भाग मऊ आणि बाकीचा घट्ट हा भेदच उरत नाही. सगळे शरीर सारखेच खोल रुतते, अंगाचा जास्त पृष्ठभाग फोमला चिकटतो आणि घाम वाळायला वाव राहत नाही. फोम हा मुळात उष्णतेचा दुर्वाहक, त्यातही मेमरी फोमच्या आतल्या कप्प्यांना जोडणारी छिद्रे लहान असल्यामुळे हवा त्यातून संथपणे फिरते, म्हणून अंगातून निघालेली उष्णता खाली मुरण्याऐवजी पाठीशीच साठते. निम्म्या रात्री उठून फरशीवर चटई टाकणाऱ्या माणसाला गादीचा कंटाळा आलेला नसतो. त्याच्या शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते आणि गादी ती टाकू देत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः बालाघाटच्या डोंगररांगेवरील पाटोदा, धारूर, अंबाजोगाई भागातल्या थंड रात्रीत, हाच फोम सुरुवातीला कडक लागतो आणि अंगाची ऊब पोहोचेपर्यंत फळीवर निजल्याचा भास होतो. ज्या देशांत घराचे तापमान वर्षभर यंत्रांनी एकसारखे राखले जाते तिथे हा दोष जाणवत नाही. मराठवाड्यातील घर ऋतूंबरोबर तापते आणि थंड होते, आणि त्याबरोबर ही गादीही बदलते.

या तक्रारीवर उत्पादकांनी काढलेला उपाय म्हणजे फोममध्ये जेलचे कण मिसळणे किंवा त्याची रचना अधिक मोकळी करणे. जेल अंगाची उष्णता सुरुवातीला शोषून घेते, त्यामुळे निजताना गार वाटते, परंतु शोषलेली उष्णता कुठेतरी सोडावी लागते, आणि खोलीच तेहेतीस-चौतीस अंशांवर असेल तर ती सोडायला जागा नसते; मग तासा-दोन तासांत जेलचा गुण संपतो. मोकळ्या रचनेचा फोम याहून बरा, कारण त्यातून हवा प्रत्यक्ष हलते. कूलरच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, पण बंद खोलीत त्याची ओल साठते, ती फोमच्या खालच्या अंगाला धरते, आणि गादी भिंतीला लागून किंवा सरळ फरशीवर असेल तर बुरशी येण्याचा धोका वाढतो.

इतके सांगितल्यावर ही गादी बीडच्या घरात नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल, कारण एका कामी तिला कापसाची गादी कधीच तुल्य ठरणार नाही. ते काम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे. पक्षाघात झालेला, मांडीचे हाड मोडलेला किंवा फार वयस्क माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, नितंब, टाचा अशा हाडाळ जागी कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपली जाते. त्वचेतील केशवाहिन्यांतून, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून, रक्त फारच कमी दाबाने वाहते. युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये बोटाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांच्या आरंभीच्या टोकाला मोजलेला सरासरी दाब पाऱ्याच्या बत्तीस मिलिमीटरच्या आसपास होता. बाहेरचा दाब जास्त काळ याहून वर राहिला की रक्त तिथे पोहोचत नाही, पेशी मरतात आणि शय्याव्रण, ज्याला घरोघरी बेडसोर म्हटले जाते, ते होते. अशी जखम एकदा खोल गेली की ती भरायला महिने लागतात आणि तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरून रुग्ण दगावूही शकतो. मेमरी फोम शरीराच्या आकाराप्रमाणे खचून जास्त जागेवर वजन वाटतो, म्हणून हाडाळ जागेवरील कमाल दाब उतरतो. अशा रुग्णांसाठी साध्या गादीऐवजी उच्च दर्जाच्या फोमची गादी वापरावी, असे ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०१४ च्या सूचनांत म्हटले आहे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णाची पुढची सगळी शुश्रूषा घरची माणसे, बहुतेक वेळा सून किंवा पत्नी, करत असते, आणि त्यांच्या दृष्टीने या गादीचा लाभ खरा आहे. मात्र तिच्यावर ठेवले म्हणजे कूस बदलण्याची गरज संपली, हा समज घातक आहे. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा परिचारिकांना शिकवला जाणारा नियम गादी कोणतीही असली तरी पाळावाच लागतो. दुसरी गोष्ट खोळीची. लघवी आणि घाम फोममध्ये मुरला की तो पुन्हा बाहेर काढता येत नाही, म्हणून घरात हमखास वर रेक्झिन किंवा प्लास्टिकचा कागद अंथरला जातो, आणि तो ताणला जात नसल्यामुळे फोमचे खचणेच अडते व रुग्णाची पाठ घामाने भिजते. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे खर्च केले तेच हातचे जाते. रुग्णोपयोगी गाद्यांना ताणली जाणारी, पाणी न शिरू देणारी पण वाफ जाऊ देणारी खोळ मिळते, आणि खर्चाचा विचार करताना फोमच्या जाडीपेक्षा या खोळीला अग्रक्रम द्यायला हवा.

पाठदुखीबाबत जाहिराती जितके सांगतात तितके विज्ञान सांगत नाही. पाठ दुखत असेल तर फळीवर किंवा जमिनीवर निजावे, हा सल्ला मराठी घरांत वडीलधाऱ्यांकडून सर्रास दिला जातो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मऊशार गादीचे आकर्षण असते. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ व्यक्तींवर झालेल्या आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्वद दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना फार कडक गादीवर निजणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडलेला आढळला. त्या अभ्यासाचा विषय गादीचा कडकपणा हा होता, मेमरी फोम नव्हे. पण त्यातून निघणारा अर्थ इथे लागू पडतो. कुशीवर निजणाऱ्या माणसाचा खांदा आणि नितंब थोडे खाली जाऊन कमरेची पोकळी भरून निघाली तर पाठीचा कणा सरळ राहतो, आणि योग्य घट्टपणाचा मेमरी फोम हे चांगले साधतो. पोटावर निजणाऱ्याचे किंवा फार वजनदार माणसाचे कंबरडे मात्र त्यात खोल जाते आणि कणा वाकतो. शिवाय जुन्या, मध्ये खड्डा पडलेल्या गादीच्या जागी कोणतीही नवी सपाट गादी आली तरी पाठीला बरे वाटते. पहिल्या महिन्याच्या आरामाचे सगळे श्रेय फोमला देणे म्हणूनच घाईचे होते.

एका पलंगावर दोघे निजत असतील तर एकाच्या हालचालीने दुसऱ्याची झोप मोडत नाही, हा या फोमचा निर्विवाद फायदा आहे, कारण धक्का जिरवणे हेच त्याचे मूळ काम. परंतु जो फोम हालचाल जिरवतो तो उठणाऱ्यालाही मदत करत नाही. गुडघे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा दिवस भरत आलेल्या गर्भवतीला कूस बदलताना आणि उठताना खड्ड्यातून वर यावे लागते. तान्ह्या बाळाला तर या गादीवर एकटे किंवा आईशेजारीही निजवू नये. बाळ पालथे पडले तर नाक-तोंड मऊ फोममध्ये रुतते आणि मान उचलायची ताकद त्याच्यात नसते. पहिले वर्षभर बाळाला सपाट, घट्ट पृष्ठभागावर उताणे निजवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि याला अपवाद नाही.

आता घराच्या रीतीकडे वळले पाहिजे, कारण गादीचा संबंध शरीराइतकाच जागेशी असतो. मराठवाड्यातील असंख्य घरांत जी खोली रात्री झोपण्याची, तीच दिवसा बसण्याउठण्याची आणि जेवणाची असते. सकाळी गाद्या-वाकळांच्या घड्या करून कोपऱ्यात रचल्या की घर मोकळे होते. मेमरी फोमची गादी अशी रोज उचलण्याजोगी नसते. ती जड असते, घडीवर वारंवार मोडली तर तिथे चिरते, आणि तिला खाली सपाट, हवा खेळती राहील असा फळ्यांचा पलंग लागतो. सुंभाच्या किंवा पट्टीच्या बाजेवर ती टाकली तर बाजेच्या झोळासारखाच आकार घेते आणि आधार द्यायचे विसरते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडमधून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कित्येक महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, जमिनीवर अंथरूण टाकून काढतात. दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या आणि डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या या बायका-पुरुषांच्या पाठीइतकी चांगल्या अंथरुणाची गरज क्वचितच कोणाला असेल, पण ओल, धूळ, ठिणगी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला प्रवास यांत हा फोम एक हंगामही टिकणार नाही. त्यांच्यासाठी जमिनीपासून उचललेला मचाण, हलकी पण जाड सतरंजी आणि धुता येणारी वाकळ यांचा विचार साखर कारखान्यांनी आणि शासनाने करायला हवा.

कापसाच्या गादीची खरी ताकद तिच्या मऊपणात नसून ती पुन्हा नवी होते यात आहे. दोन-तीन वर्षे वापरून ती चपटी झाली, आत कापसाचे गोळे झाले की तिची खोळ एका बाजूने उसवतात. आतला कापूस दगडासारखा घट्ट आणि मळकट निघतो. पूर्वी धनुकलीच्या तारेवर आणि आता विजेच्या यंत्रावर तो पिंजला की धूळ वेगळी उडते आणि त्याच कापसाचा ढीग कित्येक पटींनी फुगून दिसतो. मग धुतलेल्या किंवा नव्या खोळीत तो सारख्या थरांनी पसरायचा, काठीने बडवून कोपऱ्यांपर्यंत पोहोचवायचा, आणि दाभणाने जाड दोऱ्याचे टाके घालून जागेवर बांधायचा. मध्यंतरी दर महिन्या-पंधरा दिवसांनी गादी उन्हात टाकली की ओल जाते आणि ढेकणांवरही काही अंशी मात होते. मेमरी फोमला यातले काहीच चालत नाही. कडक ऊन लागले की पॉलियुरेथेन पिवळे पडते आणि त्याचा भुगा होऊ लागतो, पाण्याने धुतले तर आतून वाळत नाही, आणि एकदा फोम बसला की तो पिंजून वर आणता येत नाही. दुसऱ्या बाजूने कापसाचा दोषही झाकता कामा नये: त्याची धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते, आणि आयुष्यभर पिंजण्याच्या जागी काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर ती धूळ कायमचा आघात करते. त्या बाबतीत फोमची गादी खरोखरच स्वच्छ आहे, तिची खोळ नियमित धुतली तर.

नव्या मेमरी फोमला येणारा रसायनाचा वास हवेत उडून जाणाऱ्या कार्बनी संयुगांचा असतो. गादी खोक्यातून काढून हवेशीर, सावलीच्या खोलीत दोन-तीन दिवस उघडी ठेवली तर तो बराच उतरतो. बंद खोलीत लगेच निजल्यास काहींचे डोके दुखते, आणि दमेकऱ्यांनी तर ही घाई करूच नये. याहून गंभीर बाब आगीची आहे. पॉलियुरेथेन फोम एकदा पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. अशाच धुराने घरांत बळी जात असल्यामुळे ब्रिटनने १९८८ मध्ये फर्निचर आणि गाद्यांच्या अग्निसुरक्षेचे कडक नियम केले. कापूसही धुमसतो, पण घरात पलंगाखाली मच्छर कॉइल लावून निजण्याची जी सवय आहे ती फोमच्या गादीबरोबर अधिक धोक्याची ठरते. कॉइल पलंगापासून दूर, मोकळ्या फरशीवर ठेवणे किंवा मच्छरदाणी लावणे एवढा बदल तरी प्रत्येक घराने करावा.

विकत घेताना नावावर जाऊ नये. मेमरी फोमची म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाद्यांत मेमरी फोमचा वरचा थर एक-दोन इंचांचाच असतो आणि खाली साधा किंवा अधिक घट्ट फोम असतो. बीडच्या हवामानात तर असा पातळ थरच बरा, कारण खोलवर रुतणे त्यामुळे टळते. दर्जाची खरी खूण घनता ही आहे, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन. चांगल्या मेमरी फोमची घनता साधारण पन्नास किलोच्या आसपास किंवा त्याहून वर असते, आणि हलका फोम लवकर बसतो. बहात्तर इंच लांब, छत्तीस इंच रुंद गादीत दोन इंचांचा थर असेल तर तो सुमारे ०.०८५ घनमीटर भरतो. पन्नासच्या घनतेने त्याचे वजन सव्वाचार किलोच्या आसपास यायला हवे, आणि दुकानदाराने घनता सांगितली तर हा हिशेब समोरच करून घेता येतो. उन्हाळ्यात खरेदी करणाऱ्याने दुपारच्या तापलेल्या दुकानात दाबून पाहिलेला मऊपणा हिवाळ्यात तसाच राहील असे मानू नये, आणि वातानुकूलित दालनात घट्ट वाटलेली गादी मे महिन्याच्या घरात तशी लागेल असेही मानू नये. परत करण्याची मुदत मिळत असेल तर ती उन्हाळ्यात वापरून पाहणे सर्वांत उपयोगी. ज्याला कापसाची सोय सोडायची नाही त्याला एक मधला मार्गही आहे: खाली फळ्यांचा पलंग, त्यावर घट्ट फोमची किंवा काथ्याची गादी, आणि वर पातळ कापसाची गादी, जी हवा खेळू देते आणि उन्हातही टाकता येते. रुग्ण असलेल्या घराने तेवढी वरची कापसाची गादी काढून तिथे मेमरी फोमचा थर अंथरावा.

शेवटी जुन्या गादीचे काय होते, हाही प्रश्न खरेदीआधीच विचारण्याजोगा आहे. कापसाची गादी कामातून गेली की तिचा कापूस उशीत, तक्क्यात किंवा गोधडीच्या थरात जातो आणि अगदी टाकला तरी मातीत कुजतो. पॉलियुरेथेन फोमच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असल्यामुळे तो प्लास्टिकसारखा वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्याचे तुकडे करून, चिकटवून, दाबून बनवलेला रीबॉन्डेड फोम हाच त्याच्या पुनर्वापराचा प्रचलित मार्ग आहे, आणि असे काम करणारे कारखाने मोठ्या शहरांभोवती असतात. घंटागाडी ही गादी नेत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर ती पेटवली तर मघाचाच विषारी धूर वस्तीत पसरतो. गाद्या घरपोच आणून देणाऱ्या कंपन्यांनी जुनी गादी परत नेण्याची व्यवस्थाही तालुक्याच्या गावापर्यंत करावी, अशी मागणी बीडच्या ग्राहकांनी आणि नगरपरिषदांनी खरेदीच्या वेळीच लावून धरण्याची गरज आहे.